अकरा आणि साडेतीन

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, होस्टेलवरच्या मैत्रिणीजवळ नाही. दोनदा वहीत लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा पान फाडलं — कारण दहा ओळींच्या आत मी स्वतःचीच वकिली करायला लागले होते. या वेळी ती करायची नाही असं ठरवून बसले आहे. जमेल का, माहीत नाही.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित तुमच्याशी बोलता येईल.

सुरुवात भोंग्यापासून करते. नाही — आधी जिनिंगपासून करायला हवी, नाहीतर भोंगा कशाला लागतो हे कळणार नाही. मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, आमच्या गावाजवळ, कापसाची जिनिंग आहे. नाव सांगत नाही. कापूस तिथे येतो, यंत्रं त्यातली रुई वेगळी काढतात आणि सरकी वेगळी. यंत्रांना कापूस भरवायचं काम बायका करतात. माझी आई त्यातली एक. मी पाळण्यात होते तेव्हापासून, दिवाळीनंतर हंगाम लागला की सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ती त्या हॉलमध्ये असते. बाबा शेरडं राखतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली — हे वाक्य मी इतक्या ठिकाणी म्हटलंय, इतक्या लोकांनी त्यावर मान डोलावलीय, की आता ते म्हणताना माझाच राग येतो.

तर, त्या हॉलच्या फरशीत एक लांब नाली आहे आणि नालीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी स्क्रू फिरतो. यंत्रांखाली पडलेली सरकी तो ढकलत ढकलत बाहेर ढिगावर नेऊन टाकतो. हा स्क्रू अडकला की सगळंच अडकतं. नाली तुंबते, वरची यंत्रं गुदमरतात, पण मोटार फिरतच राहते आणि तिचा पट्टा जागच्या जागी घासून तापत जातो. कापसाच्या हॉलमध्ये तापलेला पट्टा — पुढचं सांगायला नको. मी लहान असताना एकदा तिथे आग लागली होती. आई घरी आली तेव्हा तिच्या केसांना जळका वास येत होता आणि ती हसत होती, न थांबता.

म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी जिनिंगचा स्क्रू निवडला. हे खरं आहे. निदान सुरुवात तरी खरी होती.

काम साधं होतं. स्क्रूच्या दांड्याच्या टोकाला एक लोहचुंबक लावायचा, समोर सेन्सर बसवायचा. दांडा फिरला की चुंबक सेन्सरसमोरून जातो आणि एक ठोका नोंदला जातो. तीन सेकंद ठोका आला नाही, की भोंगा वाजतो आणि लाल दिवा लागतो. टेबलावर ते पहिल्याच दिवशी चाललं. हॉलमध्ये महिनाभर चाललं नाही. रुईची धूळ सेन्सरवर बसायची. हादऱ्याने पट्टी ढिली व्हायची, चुंबक सरकायचा, आणि स्क्रू मजेत फिरत असतानाही भोंगा बोंबलायचा. जिनिंगचे फिटर दगडूमामा — मामा म्हणायचं म्हणून मामा, नातं काही नाही — प्रत्येक वेळी पाना घेऊन यायचे. "पोरी, तुझं मशीन लई सासूवानी हाय," म्हणायचे. "काम चालू असलं तरी वरडतंय, बंद असलं तरी वरडतंय." शेवटी त्यांनीच भंगारातली एक लोखंडी पट्टी वाकवून, वेल्डिंग करून पक्की बसवली. त्या पट्टीवर माझा सेन्सर आजही आहे.

दगडूमामांचं नाव लक्षात ठेवा. मी विसरले होते — म्हणजे, विसरल्यासारखं केलं होतं.

भोंगा नीट वाजायला लागला तेव्हा कॉलेजातले आमचे गाइड सर म्हणाले, "नुसता भोंगा तर शाळेतली पोरंही करतात. डेटा कुठे आहे?" मग मी त्यात मेमरी कार्ड बसवलं. स्क्रू कधी थांबला, किती वेळ थांबला, सगळं त्यात लिहिलं जाऊ लागलं. भोंग्याची तार तेवढे दिवस काढून ठेवली, कारण मॅनेजरांना रोजच्या कटकटीचा वैताग आला होता. यंत्र आता गप्प बसून फक्त लिहीत होतं. तीन आठवड्यांनी मी कार्ड काढून आणलं आणि बीडला कॉलेजच्या लॅबमध्ये त्याचा आलेख काढला.

जेवणाच्या सुट्टीचा वेळ सोडला तर स्क्रू दिवसभरात दोनदाच थांबत होता. अकराच्या आसपास. साडेतीनच्या आसपास. जवळजवळ रोज. आलेखावर दोन शिंगं उभी राहावीत तसं दिसत होतं.

शेजारच्या मुलाने विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, बघते. पण बघायचं काय होतं? मला ते आलेख काढायच्या आधीपासून माहीत होतं. मी दहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं.

इथे मला थांबावंसं वाटतंय. पण थांबले तर हेही पान फाडेन.

त्या जिनिंगमध्ये संडास एकच आहे, ऑफिसच्या अंगाला, आणि त्याची किल्ली ऑफिसात असते. बायकांनी जायचं ते मागच्या भिंतीकडे, वेड्या बाभळींच्या आडोशाला. पण मागेच गाड्या लागतात. हमाल तिथेच बसतात, ड्रायव्हर तिथेच पाय पसरतात. जेवणाच्या सुट्टीत तर सगळे पुरुष तिकडेच. मग बायकांनी जायचं कधी? हा प्रश्न त्या मालकाला, त्या मॅनेजरला, इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही. यंत्राला तेल कधी घालायचं याचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे.

बायकांनी उत्तर शोधलं होतं. गयाकाकूने शोधलं होतं. गयाकाकू आईच्या शेजारच्या यंत्रावर असायची, हॉलमधली सगळ्यात जुनी बाई. ती बारदानाच्या चिंध्यांचा घट्ट बोळा वळून कमरेला खोचून आणायची. त्या बोळ्याला बायका 'पाव्हणा' म्हणत. अकरा वाजले की कुणीतरी म्हणायचं, "पाव्हणा आला का गं?" आणि बोळा नालीत जायचा. स्क्रू अडकला की लगेच आरडाओरडा करायचा, दगडूमामांनी पळत येऊन बटण दाबायचं — पट्टा तापायच्या आत. मग नाली मोकळी करायला मागचे सगळे हमाल-ड्रायव्हर आत यायचे. मागची भिंत रिकामी व्हायची. बायका बाहेर. दगडूमामांना बोळा दोन मिनिटांत सापडायचा, पण ते पंधरा मिनिटं शोधत राहायचे. ऑफिसातून कुणी विचारलं तर म्हणायचे, "कापूस वला हाय सायेब, गोळा धरतोय."

इतकीच गोष्ट. दिवसातून दोनदा लघवीला जाता यावं म्हणून त्या एक अख्खी जिनिंग बंद पाडत होत्या.

शाळेला सुट्टी असली की मी आईबरोबर जायचे. एकदा मी बोळा पाहिला. गयाकाकूने मला जवळ ओढून नारायणगडाची आण घातली. "कुनाला बोलायचं न्हाई. कुनी इचारलंच, तर वल व्हती म्हनायचं. काय म्हनायचं?" "वल व्हती," मी म्हटलं. बायका खळखळून हसल्या. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

पुढे मीही त्या भिंतीमागे गेले आहे. पाळी आलेली असताना, सेन्सर बसवायच्या दिवसांत, अकराची वाट बघत, मांड्या आवळून पट्टीचे स्क्रू फिरवले आहेत. हे यासाठी सांगते, की मला कळलं नव्हतं असं तुम्ही म्हणू नये. मला अंगाने कळलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी जिनिंगच्या मॅनेजरांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. सर होते, बाहेरचे परीक्षक होते, मागे मुलं. मी आलेख दाखवला. त्यातली शिंगं घासून सपाट करता आली असती, कार्डातल्या तेवढ्या ओळी पुसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नाही पुसल्या. मला तो आलेख आवडला होता! इतका स्वच्छ आलेख वर्गात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

मॅनेजर पुढे झुकले. "हे अकरा आणि साडेतीनलाच कसं काय?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. दहा वर्षांची असल्यापासून तयार होतं. ओल होती, सर. दोन शब्द. परीक्षकांनी मान डोलावली असती, पुढचा विद्यार्थी आला असता.

तुम्हाला ठाऊक आहे का, तीन वर्षं वर्गात सगळ्यांना काहीतरी माहीत असतं आणि आपल्यालाच नसतं, तेव्हा काय होतं? तोंडी परीक्षेला माझी जीभ टाळूला चिकटायची. इंग्रजीतला प्रश्न समजेपर्यंत पुढचा आलेला असायचा. आणि त्या दिवशी, त्या खोलीत, पहिल्यांदाच अशी एक गोष्ट होती जी फक्त मला माहीत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. सर बघत होते.

बघा — लागले ना वकिली करायला.

मी म्हटलं, "ह्यूमन इंटरव्हेन्शन, सर."

आधी इंग्रजीत. मग त्यांनी भुवई उचलली तेव्हा मराठीत. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. मी बारदानाचा बोळा सांगितला, तो कुठून टाकतात ते सांगितलं, वेळा तर पडद्यावर होत्याच. "माझ्या यंत्रणेमुळे नैसर्गिक बिघाड आणि मुद्दाम केलेला बिघाड वेगळा ओळखता येतो" — हे वाक्य मी तिथल्या तिथे रचलं. त्या बायका हे कशासाठी करतात, ते मात्र सांगितलं नाही. ते सांगायची मला लाज वाटली. बोळा सांगायची नाही वाटली, लघवी म्हणायची वाटली.

टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई घरी आली आणि उंबऱ्यातच बसली. मॅनेजर अकराच्या आधीच हॉलमध्ये येऊन उभे राहिले होते, तिने सांगितलं. गयाकाकूच्या मागे. बोळा तिच्या हातात असतानाच त्यांनी तिचं मनगट धरलं. हमालांना आत बोलावलं. बोळा वर धरून तिला विचारलं, "सांग सगळ्यांना, कशासाठी करतेस हे?" त्यांनी पुन्हा विचारलं. तिला आजीच्या वयाची म्हणून सगळे मान देत, आणि तिला त्या बाप्यांपुढे ते म्हणायला लावत होते. हमालांतलं कुणीतरी हसलं. मग तिला फाटकाबाहेर काढलं. माझ्या जन्माआधीपासून ती तिथे होती.

मॅनेजरांनी कुठून कळलं ते सांगितलं नव्हतं. एवढी सभ्यता त्यांनी माझ्याशी दाखवली — मी त्यांच्या बाजूची झाले होते ना! त्या सभ्यतेचा मला जितका राग येतो तितका कशाचाच येत नाही.

प्रशस्तिपत्रक माझ्या बॅगेत होतं. आईला मी नुसतं "नंबर आला" इतकंच सांगितलं होतं. प्रदर्शनात काय बोलले, ते तिने विचारलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कोन बोललं असंल गं?"

आता आलं. इथपर्यंत यायलाच मी इतकं गोल गोल फिरत होते. बोळ्याचं सांगितलं ते वाईटच, पण ते भरल्या खोलीत, टाळ्यांच्या लोभाने. हे मी घरात बोलले, चुलीजवळ, आईच्या तोंडाकडे बघत. पूर्ण शुद्धीत.

मी म्हटलं, "दगडूमामाच असंल. दुसऱ्या कोन्या बाप्याला ठाव हाय?"

कॉलेजातली भाषा वेगळी, घरची वेगळी. खोटं मी घरच्या भाषेत बोलले, म्हणजे ते खरं वाटावं.

आई म्हणाली, "व्हय. बाप्याची जात." सकाळी तिने ते हॉलमध्ये सांगितलं असणार, कारण दुपारपर्यंत सगळ्या बायकांनी दगडूमामांशी बोलणं टाकलं. ते बायकांच्या घागरीतून पाणी घ्यायला गेले तर घागर उचलून नेली. वर्षानुवर्षं ज्यांच्यासाठी ते पंधरा मिनिटं नालीत हात घालून खोटं खोटं शोधत राहिले, त्या बायकांनी.

पुढच्या बाजाराला मी आईबरोबर गेले होते. गयाकाकू वांगी निवडत होती. दगडूमामा समोरून आले. तिने हातातलं वांगं टाकलं आणि भर बाजारात ओरडली, "लाज हाय का न्हाई रं तुला? बायकायच्या मुताचा हिशोब सायबाला देतू व्हय?"

लोक थांबले. एकदोघे हसले. आणि दगडूमामांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांना माहीत होतं. कार्ड कुठे बसतं, त्यात काय लिहिलं जातं, हे मीच त्यांना हौसेने दाखवलं होतं. त्यांनी ते बसवायला मला वर चढायचा स्टूल आणून दिला होता. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. "हिला इचारा" — एवढंच. मी पिशवीचा बंद दोन्ही हातांनी धरून उभी होते. आई माझ्या शेजारी होती, गयाकाकू चार हातांवर होती. माझं तोंड बंद होतं. प्रदर्शनात कसं उघडलं होतं?

मामांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि निघून गेले.

त्यानंतर एकदाच ते मला बसथांब्यावर भेटले. मी बाजूला व्हायला लागले, तर म्हणाले, "झाली का परीक्षा?"

"झाली मामा."

"पास?"

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. "लई बरं झालं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आज जरा बरी झोपले असते.

त्याला आता दोन हंगाम होऊन गेले. नालीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसली आहे, बोट जाईल एवढीही फट नाही. माझा भोंगा वर टांगलेला आहे. तो क्वचितच वाजतो, आणि वाजला की मॅनेजर स्वतः धावत येतात. त्या बायकांना संडासाची किल्ली मात्र कुणी दिलेली नाही. मी आता डिग्रीला आहे. डिप्लोमाचे गाइड सर मला बोलावून घेतात आणि नव्या मुलांना माझं उदाहरण देतात — गावच्या मुलीने गावच्या कारखान्याचा प्रश्न सोडवला. मी पहिल्या बाकावर बसून ते ऐकते. उठून काही म्हटलेलं नाही.

गयाकाकू दुसऱ्याच्या रानात वेचणीला जाते. बाजारात दिसली की माझ्या डोक्यावरून हात फिरवते, म्हणते, "शिक बाई, शिक." दगडूमामा अजून हॉलमध्येच आहेत, भाकरी मोटारीच्या खोलीत एकटे खातात. आई त्यांच्याबद्दल बोलताना थुंकते.

हे आई वाचणार नाही. तिला वाचता येत नाही. म्हणूनच लिहून सांगते आहे, तोंडाने नाही. हेही तुम्ही ओळखलं असेल.

मागच्या हिवाळ्यात आईला थंडी वाजून ताप आला, जळजळ व्हायला लागली. मी तिला बीडला नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, लघवी धरून ठेवता का? पाणी किती पिता? दिवसभर पीत राहा. आई "बरं" म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिला एक बाटली घेऊन दिली, निळी, मोठी.

सुट्टीत घरी असते तेव्हा सकाळी ती बाटली मी भरून देते. संध्याकाळी ती तशीच भरलेली परत येते. मी पाणी तुळशीला ओतते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून देते.